टेप सुटली नाही, दादा

दादा, तुझं सुतक काल फिटलं. माझा राग काही फिटला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलणारच नाहीये, तुझ्याशी बोलणार आहे, तोंडावर, जसं जन्मभर बोलले. तू समोर असतास तर मधेच उठून टाकी भरली का बघायला गेला असतास. आता जाऊन जाऊन कुठं जाशील?

भेटायला येणारा प्रत्येक जण ओसरीवर बसायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, वेळ आली होती. कुणाच्या हातात काय असतं? मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. वेळ आपल्या पायानं आली नव्हती, दादा. तू तिला हाताला धरून घरात आणलीस. तुझ्याच हातात सगळं होतं. पाना होता, पितळी बूच होतं, आणि ती तुझी पांढरी टेप होती.

त्या टेपेचं वेड तू मुरबाडच्या कंपनीतून आणलंस. त्याआधी आपल्या सापगावच्या घरात नळ गळला की बाबा सुतळी गुंडाळायचे, वर सफेदा फासायचे, आणि दोन पावसाळ्यांत तो सांधा पुन्हा रडायला लागायचा. तू कंपनीत वाफेच्या पाइपांवर लागलास आणि एके दिवशी खिशातून ते पातळ, गुळगुळीत रीळ काढून दाखवलंस. "बघ, चिकट नाय काय नाय, पन आट्यांत अशी बसते का पानी बाहेर येनार नाय. गरम पान्याला पन दाद देत नाय." नवी सून दाखवावी तसं तू ते रीळ आळीभर दाखवत फिरलास. तेव्हापासून तुझ्या सदऱ्याच्या खिशात पैसे नसले तरी चालायचं, टेप असायची.

टोकावड्याला आमच्या ढाब्यावर यायचास तेव्हा बहिणीची विचारपूस नंतर, आधी मोरीतला नळ. एसटीतून उतरायचास, पिशवी बाकावर टाकायचास आणि उकिडवा बसून सांधा खोलायला लागायचास. टेपेचं टोक दातांत, बोटांनी गुंडाळणं चालू, आणि तोंड बंद असल्यामुळे तेवढा वेळ तुझं व्याख्यानही बंद. मग सुरू. आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली की बसवताना सुटते. फार जाड नको. ताणून घे. मी म्हणायची, दादा, गिऱ्हाईक खोळंबलंय, मला भाजी टाकू दे. तू म्हणायचास, "तुजी भाजी उद्या पन हाय, पानी वाया गेला का गेला."

आमचे यजमान आजारी पडले त्या हिवाळ्यात तू ढाब्याच्या मागं चुलीवरच्या टाकीतून गरम पाण्याची लाइन काढून दिलीस. थंड पाण्यात भांडी घासून माझी बोटं फुटली होती, ते मी तुला सांगितलं नव्हतं. तू चहाचा कप घेताना बघितलंस. दुसऱ्या खेपेला पाइप खांद्यावर टाकूनच उतरलास. ती लाइन अजून गळत नाही. काल सकाळी सापगावला यायला निघण्याआधी मी त्याच पाण्यात हात धुतले आणि धुता धुता तुला शिव्या दिल्या. दोन्ही एकदम करता येतं, दादा. तुझ्या बाबतीत तर मला कायमच करावं लागलं.

टेप कुठं टिकते आणि कुठं नाही, हे तुला नीट कळत होतं. यावरच तर माझं डोकं फिरतं. तुझ्या पोराच्या, मंगेशच्या गाडीच्या सायलेन्सरचा सांधा फुटला तेव्हा तू तिथं टेप गुंडाळून बघितलीस. गाडी सुरू केली, आणि कडूजहर वास आला, टेप काळी पडून गळून गेली. मी पोट धरून हसले. तू जरासुद्धा ओशाळला नाहीस. "तिथं आग हाय. आगीला ती टिकत नाय. पान्याला टिकते." बरोबर होतं. गॅसच्या शेगडीला ती पांढरी टेप कुणी लावली तर तू त्याच्या अंगावर धावून जायचास, म्हणायचास ही पाण्याची आहे, गॅसला ही चालायची नाही. तेही बरोबर. टेपेच्या बाबतीत तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. वाफेच्या बाबतीत तू आंधळा झालास, आणि तोही कंपनीत वाफेवरच आयुष्य काढून. म्हणजे उभा जन्म पोहणारा माणूस गुडघाभर पाण्यात बुडाला.

तो बंब आपल्या आजीचा. तांब्याचा, पोटात जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. वरच्या तोंडातून पाणी ओतायचं. वहिनीचा खांदा दुखायला लागला आणि तिला हंडे उचलवेनात, म्हणून तू टाकीवरून पाइप आणलास, बंबाच्या तोंडाला जोडून घेतलास आणि मधे कॉक बसवलास. कॉक सोडला की बंब भरतो, भरला की बंद करायचा. चांगलं केलंस. वहिनी सगळ्यांना कौतुकानं सांगायची. ज्या तांबटानं जोडकाम केलं, त्यानं वर बोटाएवढी एक नळी उभी ठेवली आणि बजावलं की ही उघडीच राहू द्या. तुझ्यादेखत बजावलं. मीही तिथंच होते.

त्या नळीतून वाफ निघायची. न्हाणीघराचं छत ओलं व्हायचं, चुना पोपडे धरून पडायचा. आणि तुला ते सहन होईना. वाफ म्हणजे जळलेलं लाकूड, असं तुझं गणित. एकदा मी राखीला आले तर नळीच्या तोंडावर पितळी बूच, आट्यांत टेप, आणि तू त्याच्याकडे असा बघतोयस जसा बाप पहिल्या नंबरनं पास झालेल्या पोराकडे बघतो.

"दादा, हे कशाला बंद केलंस?"

"वाफ फुकट जात व्हती."

"तांबटानं सांगितलेलं ना, उघडी ठेव."

"त्याला काय म्हाईत? त्याला वाटला असंल, बूच उडंल. ही टेप अडीचशे डिग्री सोसते. पानी उकळतं शंभरला. शंभर मोठं का अडीचशे?"

"मी टेपेचं नाय विचारत रे. वाफ जानार कुठं, ते सांग."

"जानार कशाला? आत राहील. पानी गरम ठेवील."

मी तुला कुकर दाखवला. ढाब्यावर रोज डाळ लावणारी बाई मी, मला पुस्तकातलं काही येत नाही, पण शिट्टी अडकली की गॅस बंद करून लांब उभं राहायचं, एवढं कळतं. बंद भांड्यात पाणी शंभरावर थांबत नाही, म्हणून तर डाळ लवकर शिजते. तू ऐकलंस, आणि मग काय केलंस? टेपेचा तुकडा तोडून उकळत्या चहात टाकलास. चमच्यानं बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलास. "बघ. काय झाला का हिला?"

काही झालं नव्हतं तिला. मी तुला एक विचारत होते आणि तू मला दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतास. दिवाळीला तेच, संक्रांतीला तेच. मी म्हणायची वाफ, तू म्हणायचास टेप. घोडं तिथंच पेंड खायचं. तुझ्या कंपनीत प्रत्येक बॉयलरला वाफ सोडायचा वॉल्व होता की नाही, असं मी एकदा विचारलं. तू म्हणालास, होता. मग तू तिथून टेप उचलून आणलीस आणि वॉल्व तिथंच ठेवून आलास, हे तुझ्या लक्षात नाही आलं? त्यावर तू टाकी बघायला उठलास.

वर्षभर काहीच झालं नाही, आणि तेच वाईट झालं. रोज जाळ लागला की मंगेश आंघोळीला, मग वहिनी, मग तू. कुणी ना कुणी तोटी सोडायचं आणि कोंडलेल्या वाफेला वाट मिळायची. तुला वाटलं, टेपेनं जिंकलं. मग तो रविवार आला. मंगेशला सुट्टी, थंडी मरणाची, सगळे अंथरुणात. दीपालीनं रोजच्यासारखा बंब पेटवला. दीपाली म्हणजे मंगेशची बायको, आमच्या टोकावड्याची, माझ्या समोरच्या आळीतली. ही सोयरीक मीच जमवली. तुझ्या हाताखाली पाना द्यायला, पाइप धरायला सगळ्यांत आधी तीच धावायची, आणि लेक नाही म्हणून तू जन्मभर हळहळलास, ते हळहळणं ती आल्यावर थांबवलंस.

तोटी कुणी सोडलीच नाही. दीपाली पाठ फिरवून चहाची तयारी करत होती. तिनं मला हे एकदाच सांगितलं, पुन्हा सांगायला तिच्यात बळ नाही. बंबातून आवाज यायला लागला. तिनं तुला हाक मारली.

"मामा, बंब घुमतोय वो."

"घुमू दे. टेप धरून हाय." तू चहा पिऊन उठलास, न्हाणीघरात गेलास. ती मागोमाग आली तर म्हणालास, "तू सर तिकडं." आणि वाकून बूच बघायला लागलास.

बूच जागचं हललं नाही. तांब्याचा खालचा सांधा फाटला. पुढचं मी बोलत नाही.

दवाखान्यात तुझ्या अंगावर कापूस नाही असा फक्त अर्धा चेहरा होता. मी खाटेजवळ बसले. तू डोळे उघडलेस आणि तुझ्या सख्ख्या बहिणीला पहिलं काय विचारलंस? वहिनी कशी आहे? पोरीला लागलं का? नाही.

"टेप सुटली का गो?"

मी म्हटलं, "नाय रे. हाय तशीच हाय."

आणि तू हसलास, दादा. त्या अर्ध्या चेहऱ्यानं हसलास. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्या क्षणी मला तुझे पाय धरून रडावंसं वाटलं आणि तुला गदागदा हलवावंसंही वाटलं.

बाहेर बाकड्यावर तोवर काकी सुरू झाली होती. आपली काकी, तुला ठाऊकच आहे, घरात चमचा पडला तरी कुणी पाडला ते आधी शोधणार. "आमच्या सासूच्या टायमापासून बंब हाय, कधी काय झाला नाय. हिनं भरमसाट लाकडां घातली. घरात पाय ठेवून वरीस नाय झाला अन् बघा." मी आत येऊन तुला सांगितलं. म्हटलं, दादा, पोरीला बोल लावतायत. मंगेश गप बसलाय. एक शब्द बोल. मी मंगेशला आत बोलावते, त्याच्यासमोर फक्त म्हण, तिची चूक नाय.

तू म्हणालास, "मी घरी येतो मग बघतो. बंबाला कोनाला हात लावू देऊ नको."

घरी येतो म्हणे. तुला वाटलं, आहे अजून वेळ. येऊन बंब जोडू, मग बोलू. मी तुला जास्त ताणलं नाही, कारण मलाही तेच खरं मानायचं होतं. आणि तू आलास, पण बोलण्यासारखा आला नाहीस.

पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, कडू घास म्हणून सगळ्यांनी खाल्ला. दीपालीच्या पुढ्यात कुणी पान ठेवलं नाही. ती न्हाणीघराच्या दाराशी बसून होती. मी माझ्या पानातलं तिला दिलं. त्यानंतर रोज कुणी ना कुणी काही ना काही बोलत राहिलं. तिनं चुलीला हात लावू नये. तिनं दिव्याशी बसू नये. आणि शेवटी काकीनं माझ्याकडेच वळून गोड आवाजात सांगितलं, "पोरीला थोडे दिस टोकावड्याला घेऊन जा तुझ्याबरोबर. मंगेशचं मन थाऱ्यावर येऊ दे." थोडे दिस म्हणजे किती दिस, हे आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. माहेरी अशी धाडलेली पोर पुन्हा बोलावणं येण्याची वाट बघत म्हातारी होते. मंगेश भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्या घरात तोंड असलेला एकही माणूस उरला नव्हता, आणि ज्याच्या एका शब्दानं हे सगळं मिटलं असतं तो फोटोत हार घालून बसला होता.

काल माझ्यानं राहवलं नाही. मी गोठ्यामागं गेले आणि तो फाटका बंब ओढत अंगणात आणला. तांबं फरशीवर घासल्याचा आवाज ऐकून सगळे बाहेर आले. तू म्हणाला होतास, बंबाला कोणाला हात लावू देऊ नको. लावला मी. नळीवरचं बूच तसंच होतं. मी तुझा पाना मंगेशच्या हातात दिला.

"काढ."

त्यानं जोर लावला. बूच हलेना. पाय बंबावर देऊन पुन्हा ओढलं. शेवटी हातोडीचे दोन घाव घातले तेव्हा ते फिरलं, आणि आट्यांत तुझी टेप निघाली. पांढरी. काठाला जराशी पिवळट, बस्स.

मी म्हटलं, "काकी, ही कोनी बसवली? हिच्या मनगटात हाय का एवढा जोर? वाफ सोडायला एकच नळी व्हती, ती दादानं बंद केली. मी त्याला सांगितलेलं, त्यानं ऐकलं नाय. लाकडां चार घाला नायतर चाळीस, तोंड बंद असल्यावर भांडं फुटनारच. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुमी."

"मेलेल्या मानसाचा दोष काढतंस? सख्ख्या भावाचा?"

"मेलेल्याला आता काय व्हनार नाय. जितीला व्हतंय."

मग वहिनी उठली. इतके दिवस भेटायला येणाऱ्या सगळ्यांना, चहा पिऊन उठले आणि बंब बघायला गेले, एवढंच सांगणारी वहिनी. ती आली, बंबाच्या फाटलेल्या काठावर हात ठेवला आणि खाली बघूनच म्हणाली, "मी पन बोललेली त्यांना. दोनदा बोलली. माज्यावर हसले." आणि मग ती अशी रडली की मला कळलं, आतापर्यंत ती रडलीच नव्हती. तुझ्या टेपेबद्दल मी एकटीच भांडत नव्हते तर. तुझ्या बायकोला तू किती वेळा हसण्यावारी नेलंस, हे आम्हाला तू गेल्यावर कळावं? तुझ्या या वागण्याला मी कोणत्या तोंडानं माफ करू?

मग मंगेश आणि बाकीची माणसं विधींना नदीवर गेली. ती उरकून परत येणार होती, त्यांच्या आंघोळीला पाणी तापवायचं होतं. बंब तर अंगणात पडलेला. मी परड्यात तीन दगड मांडले, मोठा हंडा चढवला आणि दीपालीला म्हटलं, ये, जाळ घाल. ती मागं सरकली. "आत्या, माज्या हातानं नको." मी तिच्यावर ओरडले नाही. माझा सगळा ओरडा तुझ्यासाठी राखून ठेवलाय. मी फक्त तिच्या शेजारी बसले आणि काटक्या मोडून देत राहिले. तिनं काडी ओढली, विझली. पुन्हा ओढली. काकी माजघराच्या दारात उभी राहून बघत होती. जाळ लागला. पाणी गुणगुणायला लागलं, मग उकळलं, आणि वाफ वर उठून आंब्याच्या फांद्यांत गेली. फुकट गेली, दादा. सगळीच्या सगळी फुकट गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

माणसं नदीवरून आली. परड्यात कुणी पुढं होईना. कुणीतरी थंड पाण्याचीच बादली भरायला लागलं, म्हणालं, कशाला गरम, आमाला थंडच चालतं. डिसेंबरच्या थंडीत. दीपालीनं मान खाली घातली. तिच्या हातात तांब्या होता, तिनं तो हळूच बाजूला ठेवला.

तेव्हा मंगेश गर्दीतून पुढं आला. मुंडण केलेलं, ओल्या पंच्यात, थंडीनं दात वाजत होते त्याचे. तुझ्यासारखाच आहे तो, बोलायची वेळ आली की दुसरीकडे बघतो. पण त्यानं ती अर्धी भरलेली थंड पाण्याची बादली उचलली, हंड्याजवळ आला, आणि ती बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"काढ पानी," म्हणाला. "पहिलं माज्यावर घाल."

सगळ्या सोयऱ्यांसमोर तिनं त्यात गरम पाणी मिसळून त्याच्यावर घातलं. तो डोळे मिटून बसून राहिला आणि ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. तो रडत होता की पाणीच होतं, मला नाही सांगता यायचं. एवढंच तर मी तुझ्याकडे मागत होते, दादा, त्या खाटेवर. तुझ्या पोरानं जे एका बादलीनं केलं, ते तुला एका शब्दानं करता आलं असतं.